मचाणापासून दालनापर्यंत

वस्तूला नाव देणे ही इतिहास लिहिण्याची पहिली पायरी आहे, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रस्त्याला, चौकाला अथवा तळ्याला कोणाचे नाव द्यावयाचे ह्यावरून आपल्याकडे नगरपालिकांच्या सभा मध्यरात्रीपर्यंत चालतात, त्याचे कारण हेच आहे. ज्याचे नाव राहते त्याची आठवण राहते, ही खूणगाठ लोकांनी मनाशी पक्की बांधलेली असते. मात्र घरातल्या खोल्यांच्या नावांकडे कोणी असे लक्ष देत नाही. माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली ही आपल्या जुन्या वाड्यांतील नावे कामावरून पडली. त्यांत कोणाचा गौरव नाही, आणि म्हणून कोणाचा अन्यायही नाही.

खोलीला एखाद्या व्यक्तीचे वा कथेचे नाव द्यावयाचे आणि त्या नावास शोभेल अशा सामानाने ती सजवावयाची, ही प्रथा मुख्यतः प्रवाशांसाठी चालविलेल्या निवासांची होय. आणि अरण्यांच्या कडेस उभ्या राहिलेल्या अतिथिगृहांत ती विशेष भरास आलेली दिसते. पाहुणा दिवसभराच्या प्रवासाने धुळीने माखून येतो. दार उघडताच त्याला मच्छरदाणीचा राजेशाही पलंग दिसतो, भिंतीवर पिवळट पडलेली छायाचित्रे दिसतात, कोपऱ्यात कातडी पेटी आणि दारावर एका थोर गृहस्थाचे अथवा राणीचे नाव दिसते. बाहेरचे अरण्य त्याने अजून नीट पाहिलेलेही नसते; तेवढ्यात ही खोली त्या अरण्याची एक गोष्ट त्याला सांगून मोकळी होते. ती गोष्ट कोणाची असते आणि तीतून कोण गळलेले असते, ह्याचा विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी ह्या जातीच्या अतिथिगृहांपैकी सर्वांत प्रसिद्ध अशा एकाचा, पूर्व आफ्रिकेतील ‘ट्रीटॉप्स’चा, इतिहास पाहणे उपयोगी पडेल.

तथापि ट्रीटॉप्सचा मूळपुरुष शोधावयाचा तर आधी आपल्याच शेतात यावे लागते. ज्वारी हुरड्यास आली की शेतकरी चार मेढी रोवून त्यांवर माळा बांधतो आणि हाती गोफण घेऊन त्यावर उभा राहतो. दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे यांच्यापासून घासभर दाणा वाचवावा, एवढाच त्या माळ्याचा हेतू. मचाण हे ह्या माळ्याचेच भावंड. संस्कृत ‘मंच’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. उंचावर बसले असता जनावरास माणसाचा वास सहसा लागत नाही, आणि जनावर अंगावर आले तरी चार हातांचे अंतर राहते, हे रानाकाठच्या माणसाने अनुभवाने जाणले होते. त्याची ही युक्ती शिकाऱ्याने उचलली. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी ती हिंदुस्थानात आपलीशी केली आणि तिच्याबरोबर मचाण हा शब्दही आपल्या भाषेत नेला. खाली बांधलेले रेडकू, दूरवर हाकाऱ्यांचा गलका आणि वर फांद्यांच्या आड रोखलेली बंदूक, हे चित्र शिकारकथांच्या वाचकांस परिचित आहेच. राखणीचे साधन असे वधाचे साधन झाले. उंची, मौन आणि धीर ह्या तीन गोष्टी मात्र माळ्यावरून मचाणावर जशाच्या तशा आल्या, आणि तेथून त्या आफ्रिकेत गेल्या.

केनियाच्या मध्यभागी एकीकडे माउंट केनियाचे हिमाच्छादित शिखर आणि दुसरीकडे आबरडेअरची लांबलचक पर्वतरांग, ह्यांच्या मध्ये न्येरी नावाचे गाव आहे. ह्या रांगेचे किकुयु लोकांतील नाव न्यांदारुआ. वाळत घातलेल्या कातड्यासारखा तिचा आकार दिसतो, म्हणून ते पडले असे सांगतात. जोसेफ टॉमसन ह्या स्कॉटिश प्रवाशाने १८८४ साली तिला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड आबरडेअर यांचे नाव दिले. खोल्यांच्या नावांचा प्रश्न पुढचा. येथे आधी डोंगराचेच नाव बदलले गेले. न्येरी हे ठाणेही १९०२ साली किकुयु लोकांवर केलेल्या लष्करी स्वारीतून वसले. त्यानंतर ह्या थंड व सुपीक पठारावरील उत्तम जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या. किकुयु कुटुंबांस राखीव टापूत दाटीने राहावे लागले, किंवा जी जमीन कालपर्यंत आपली होती तिच्यावर मजुरीच्या बोलीने कूळ म्हणून नांदावे लागले.

एरिक शेरब्रुक वॉकर हा ह्या वसाहतवाल्यांपैकी एक होता. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचा तो पूर्वी चिटणीस होता. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून लढून तो जर्मनांच्या कैदेतही पडला होता. अमेरिकेत दारूबंदी असता चोरून दारू पोचविण्याचा धंदा त्याने केला, आणि त्या अनुभवावर टोपणनावाने पुस्तकही लिहिले. अशा ह्या उपद्व्यापी गृहस्थाने पत्नी लेडी बेटी हिच्यासह न्येरीस ‘आउटस्पॅन’ नावाचे हॉटेल काढले. दक्षिण आफ्रिकेतील गाडीवानांच्या बोलीत ह्या शब्दाचा अर्थ बैल सोडून विसावा घेण्याची जागा असा आहे. नाव मोठे गोड आहे. परंतु तेही परक्या वाटेवरून आलेल्या प्रवाशाचेच. ह्याच आवारात १९३८ साली वृद्ध बेडन-पॉवेल यांच्यासाठी एक छोटे घर बांधले गेले. त्यांच्या इंग्लंडातील घराचे नाव ‘पॅक्स हिल’, म्हणून ह्याचे नाव ‘पॅक्सटू’ ठेवले. परदेशी गेलेला माणूस आपले घर नावाच्या रूपाने बरोबर नेतो, ही माणुसकीला धरूनच असलेली गोष्ट आहे. मात्र त्या नावाखालच्या जमिनीस आधीचे एक नाव होते, हे त्याला सहसा ठाऊक नसते.

१९३२ साली वॉकरने आबरडेअरच्या अरण्यात, एका पाणवठ्याच्या काठी, मुगुमोच्या प्रचंड झाडावर दोन खोल्यांचे लाकडी घर बांधविले. हिंदुस्थानी मचाणाचा अनुभव पाहुण्यांस सुखाने व निर्भयपणे घेता यावा, ही त्यामागची कल्पना. बांधकाम चालू असता हत्ती आणि गेंडे मजुरांस पळवून लावीत. तेव्हा ह्या जोखमीबद्दल मजुरांनी वाढीव मजुरी मागितली, आणि ती त्यांना मिळाली. प्रारंभी आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी, आउटस्पॅनमधील पाहुणे येथे रात्रीच्या मुक्कामास नेत. बंदूकधारी शिकाऱ्याच्या सोबतीने अरण्यातून पायी यावयाचे, शिडी चढून वर जावयाचे आणि रात्रभर कुजबुजतही न बोलता खाली पाहत बसावयाचे. जनावरे पाण्यावर येतच. ती अधिक वेळ थांबावीत म्हणून झाडाखाली मीठ टाकलेले असे. बंदूक आता फक्त संरक्षणापुरती उरली होती. वधाचे मचाण अशा रीतीने दर्शनाचे मचाण झाले, आणि ह्या पालटाचे श्रेय वॉकर दांपत्यास दिलेच पाहिजे.

परंतु झाड कोणते निवडले, हेही पाहावयास हवे. मुगुमो हा वड, पिंपळ व उंबर यांच्या कुळातील वृक्ष. किकुयु लोकांत तो पवित्र मानलेला आहे. त्याच्या छायेत पर्जन्यासाठी प्रार्थना होत, बळी दिले जात, वडीलधारी माणसे विचारविनिमयास बसत. जोमो केन्याटा यांनी आपल्या समाजाविषयी लिहिलेला ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ह्या वृक्षाच्या पूजेचे सविस्तर वर्णन आहे. आपल्याकडील देवराईत कुऱ्हाड लावू नये हा दंडक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ह्या श्रद्धेची जात निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. वॉकरने झाड तोडले नाही. त्याने त्यावर पाहुण्यांची बिऱ्हाडे थाटली. ह्यात द्वेष मुळीच नव्हता. औदुंबराच्या पारावर एखाद्याने चहाचे टेबल मांडावे, तशी ती सहज केलेली गोष्ट होती. सत्तेचे पुष्कळसे अपराध असे सहज होतात.

आता आपण ५ फेब्रुवारी १९५२ ह्या दिवसाकडे येऊ. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ आपल्या पतीसह दौऱ्यावर असता त्या दुपारी ट्रीटॉप्सला आली. तिच्यासाठी घराची डागडुजी करून खोल्या वाढविल्या होत्या. सोबतीला एक शहात्तर वर्षांचा म्हातारा होता. त्याचे नाव जिम कॉर्बेट. कुमाऊँ व गढवालच्या डोंगरांत नरभक्षक वाघ-बिबळ्यांच्या मागे ज्याने उमेदीची वर्षे घालविली, तोच हा कॉर्बेट. १९४७ साली तो बहीण मॅगी हिच्याबरोबर हिंदुस्थान सोडून न्येरीस आला होता आणि बेडन-पॉवेल यांच्या पश्चात रिकाम्या झालेल्या पॅक्सटू ह्या घरात राहत होता. हत्तींचा कळप पाणवठ्यावर असतानाच राजकन्या त्यांच्या समोरून चालत येऊन शिडी चढली. रात्री कॉर्बेट शिडीच्या माथ्यावर पहारा देत बसला. सकाळी राजकन्येने गेंड्यांची चलच्चित्रे घेतली. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात तिचे वडील, राजे सहावे जॉर्ज, झोपेत निधन पावले होते. झाडावर असताना तिला ह्याची वार्ता नव्हती. ती तेथून परतल्यावर, दुपारी, सगाना येथील मुक्कामी तिला पतीकडून कळली. ट्रीटॉप्सच्या नोंदवहीत कॉर्बेटने ह्या विलक्षण योगायोगाची नोंद केली, आणि ती पुढे जगभर गाजली. एका रात्रीत झाडावरची ती लहानशी खोली इतिहासप्रसिद्ध होऊन बसली.

कॉर्बेटविषयी येथे थोडे विषयांतर केले तर वाचक क्षमा करतील, कारण ते वस्तुतः विषयांतर नाही. कालाढुंगीजवळच्या छोटी हलद्वानी ह्या आपल्या खेड्याभोवती ह्या गृहस्थाने रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून दगडी भिंत बांधविली होती, आणि देश सोडताना तेथील जमीन कसणाऱ्यांच्या स्वाधीन केली होती. शेतकऱ्याचा माळा कशासाठी असतो, हे त्याला पुरते ठाऊक होते. आफ्रिकेतील त्या रात्री त्याच्या भोवती जो देश होता, त्यातील शेतकऱ्यांचे दुःखही जमिनीचेच होते. पण पाहुणा म्हणून आलेल्या माणसाची दृष्टी पाणवठ्यापुरतीच पोचते. १९५५ साली न्येरीसच त्याचा अंत झाला. ट्रीटॉप्सवरील त्याचे छोटेखानी पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. बेडन-पॉवेल आणि कॉर्बेट, दोघेही न्येरीच्याच स्मशानभूमीत चिरनिद्रा घेत आहेत.

राजकन्येच्या त्या भेटीस नऊ महिने होत नाहीत तोच, २० ऑक्टोबर १९५२ रोजी, केनियात आणीबाणी पुकारण्यात आली. जमीन आणि स्वातंत्र्य यांच्या मागणीसाठी शपथबद्ध झालेले किकुयु तरुण आबरडेअर व माउंट केनियाच्या अरण्यांत शिरले. इंग्रजांनी त्यांना ‘माउ माउ’ म्हटले; त्यांचे स्वतःचे नाव ‘भूमि आणि स्वातंत्र्य सेना’ असे होते. आबरडेअरच्या रानातील त्यांचा प्रमुख नेता देदान किमाथी हा न्येरी भागातलाच. ज्या अरण्यात पाहुणे एक रात्र काढून धन्य होत, त्याच अरण्यात ही माणसे थंडी, पाऊस, भूक आणि विमानांतून पडणारे बाँब सोशीत वर्षानुवर्षे राहिली. मुगुमोच्या पोकळ्यांत ती एकमेकांसाठी निरोप ठेवीत आणि त्याच्याच छायेत प्रार्थना करीत. झाडाचा जुना अर्थ त्यांच्यापुरता जिवंत होता. गावकऱ्यांकडून त्यांना अन्न मिळू नये म्हणून सरकारने लाखो लोकांस काटेरी कुंपणाच्या वस्त्यांत कोंडले, आणि अरण्य व शेते यांच्या मध्ये सक्तीच्या मजुरीने मैलोगणती खंदक खणविले.

ह्या धामधुमीत ट्रीटॉप्सचे घर सरकारी शिपायांच्या टेहळणीची चौकी बनले. मचाणाचा हा आणखी एक पालट. आता वरून पाहावयाचे ते जनावरांकडे नव्हे, माणसांकडे. मे १९५४ मध्ये बंडखोरांनी ते घर जाळले, आणि त्याबरोबर तो मुगुमोही गेला. ही आग काहींना रानटी विध्वंस वाटली, काहींना न्याय. निव्वळ इतिहासाच्या दृष्टीने एवढे म्हणता येईल की, जाळणाऱ्यांच्या समोर ती राजकन्येची खोली नव्हती, शत्रूची चौकी होती. हा लढा दोन्ही बाजूंनी क्रूर झाला. गोऱ्या नागरिकांपैकी ३२ जण मारले गेले. बंडखोरांच्या हातून मेलेल्या किकुयु स्त्रीपुरुषांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. आणि सरकारने तर आणीबाणीच्या काळात एक हजाराहून अधिक लोकांस फासावर चढविले. ऑक्टोबर १९५६ मध्ये जखमी किमाथी पकडला गेला. न्येरीस त्याची चौकशी झाली, आणि १८ फेब्रुवारी १९५७ रोजी नैरोबीजवळच्या कामिती तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले.

त्याच १९५७ साली नवे ट्रीटॉप्स उभे राहिले. जुने झाड उरले नव्हते. पाणवठ्याच्या पैलतीरी लाकडी खांबांवर हे नवे घर बांधले, आणि झाडांच्या फांद्या व खोडे त्यातून जाऊ दिली. पुढे वाढत वाढत त्याच्या सुमारे ५० खोल्या झाल्या. रात्री पाणवठ्यावर कृत्रिम चंद्रप्रकाश पडे, आणि हत्ती किंवा गेंडा आला की झोपलेल्या पाहुण्यांस जागे करण्यासाठी घंटेची सोय होती. जनावरांच्या सततच्या वर्दळीने भोवतालची झाडी उजाड होत गेली. ‘वृक्षाग्र’ असे नाव मिरविणारे घर एका बोडक्या मैदानाकाठी उभे राहिले. ह्या नव्या घरात राजकन्या एलिझाबेथच्या नावाचे एक खास दालन सजविण्यात आले. ज्या खोलीत ती १९५२ साली निजली ती तर जळून राख झालेली होती. म्हणजे ज्या दालनात ती रात्र घडलीच नाही, त्यात त्या रात्रीची आठवण पाहुण्यांस विकत मिळू लागली. १९८३ साली राणी स्वतः पुन्हा येथे येऊन गेली.

मला येथे राणीच्या नावाविषयी तक्रार करावयाची नाही. ती रात्र घडली, ती विलक्षण होती, आणि तिचे स्मरण राहणे स्वाभाविक आहे. विचार करावयास लावतो तो १९५७ ह्या आकड्यातील योग. एकाच वर्षी त्याच अरण्याच्या एका रहिवाशाचे नाव फासावर पुसण्यात आले, आणि एका रात्रीच्या पाहुणीचे नाव दारावर रंगविण्यात आले. सजविलेल्या खोलीचा धर्म असा की ती आपल्याला सोयीची तेवढीच आठवण ठेवते. पलंग, पडदे, छायाचित्रे हे तिचे पुरावे. राखेला तिच्यात जागा नसते.

हे केवळ ट्रीटॉप्सपुरते नाही. १९६९ साली त्याच आबरडेअरात ‘द आर्क’ हे अतिथिगृह निघाले. त्याचा आकार बायबलातील नोहाच्या तारवासारखा, आणि खोल्या जहाजातल्यासारख्या. कल्पना चतुर आहे. प्रलयातून जनावरे वाचविणारे ते तारू. येथे मात्र तारवात माणसे बसतात आणि जनावरे बाहेर असतात. नैरोबीच्या लांगाटा भागात १९३२ साली स्कॉटलंडच्या शिकारी वाड्यांच्या धर्तीवर बांधलेली एक हवेली आहे. १९७४ साली जॉक व बेटी लेस्ली-मेल्व्हिल ह्या दांपत्याने ती घेतली, आणि नामशेष होत चाललेल्या रॉथशिल्ड जातीच्या जिराफांची पिल्ले तेथे वाढविली. ही हवेली पुढे ‘जिराफ मॅनर’ म्हणून पाहुण्यांस खुली झाली. न्याहारीच्या वेळी जिराफ खिडकीतून मान आत घालतात, आणि खोल्यांना त्या कळपातील जिराफांची नावे दिलेली आहेत. जनावराच्या नावाची खोली ही मला ह्या सर्व प्रकारांत अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्या घराचे ऋण ज्यांचे आहे त्यांचेच नाव तेथे लागले.

त्याच हवेलीत एक खोली डॅनिश लेखिका कॅरेन ब्लिक्सन हिच्या नावाची आहे, आणि तीत तिचे स्वतःचे सामान आहे. कॉफीचा मळा बुडाल्यावर १९३१ साली आफ्रिका सोडताना ते तिने मागे ठेवले होते. ब्लिक्सनच्या बाबतीत ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. मळा विकला गेला तेव्हा त्यावरील किकुयु कुळे देशोधडीस लागण्याची वेळ आली. ती एकमेकांपासून तुटू नयेत, त्यांना एकत्र जमीन मिळावी, म्हणून ह्या बाईने अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजविले, आणि दागोरेटीच्या राखीव अरण्यात त्यांच्यासाठी जागा मिळविली. स्वतःचे घर मोडत असता दुसऱ्यांच्या घरांची चिंता करणारी ही स्त्री खरोखर थोर म्हटली पाहिजे. तिच्या खोलीत टेबले-खुर्च्यांइतकीच ह्या कुळांच्या गोष्टीसही जागा मिळाली, तर तो तिचा अधिक खरा गौरव होईल.

आपल्या देशातही हे चित्र निराळे नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि शिकारखान्यांची अतिथिगृहे झाली. कर्नाटकात कबिनी नदीच्या काठी, कारापूर येथे, म्हैसूरच्या महाराजांचे शिकारगृह होते. १९८० साली सरकारी संस्थेने तेथे पाहुण्यांसाठी निवास सुरू केला. तेथील जुन्या बंगल्यांपैकी एक ‘महाराजा’च्या नावाने ओळखला जातो, तर दुसरा ‘व्हाइसरॉय’च्या. ह्याच भागात काकनकोटे येथे हत्ती धरण्याचे प्रचंड खेदे होत, आणि ते पाहण्यासाठी बडे पाहुणे येत. शेवटचा खेदा १९७१ साली झाला. लवकरच धरणाच्या पाण्याने ती नदीकाठची भूमी व्यापली. ह्या खेद्यांत रानहत्तींचा माग काढणारे, त्यांना हाकीत आणणारे, माणसाळविणारे आणि प्रसंगी त्यांच्या पायाखाली जाणारे लोक कुरुब जमातीचे होते. अरण्य राखीव झाले तेव्हा त्यांतील अनेक कुटुंबांस पिढ्यानुपिढ्यांची वस्ती सोडून बाहेर यावे लागले. व्हाइसरॉय पाहुणा म्हणून आला आणि त्याचे नाव राहिले. कुरुब यजमान होता आणि त्याला नाव नाही.

कोणी म्हणेल, हा विचार अस्थानी आहे. माणूस चार दिवस विश्रांतीसाठी जातो; त्याच्या उशाशी जगातील अन्याय कशाला मांडून ठेवावयाचे? शिवाय ही अतिथिगृहे नसती, त्यांनी मिळविलेला पैसा नसता, तर ही अरण्ये उरली असती काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे. १९७० साली केनियात सुमारे २०,००० काळे गेंडे होते. १९८० नंतरच्या दशकात चोरट्या शिकारीने ते ४०० च्या आत आले. अशा वेळी अरण्याच्या रक्षणासाठी जो पैसा व जी सहानुभूति मिळाली, तीत पाहुण्यांचा वाटा मोठा होता. आबरडेअरभोवती १९८९ ते २००९ ह्या वीस वर्षांत सुमारे ४०० किलोमीटरचे विजेचे कुंपण उभारले गेले, तेही लोकवर्गणीच्या आधाराने. हे कुंपण प्रथम गेंड्यांच्या रक्षणासाठी योजले होते. पण हत्तींपासून पिकांचे रक्षण होऊ लागल्याने सीमेवरच्या शेतकऱ्यांनीच त्याची मागणी उचलून धरली. ह्याच डोंगरातील नद्यांवर नैरोबी शहराची तहान मोठ्या प्रमाणावर भागते. तेव्हा अरण्य राखणे हे केवळ पाहुण्यांच्या हौसेचे काम राहिलेले नाही.

परंतु ह्याच गोष्टीने माझे म्हणणे अधिक दृढ होते. अरण्य टिकते ते त्याच्या कडेला राहणाऱ्यांनी टिकू दिले तर. त्यांना त्या अरण्याच्या कथेत स्थान नसेल, तर ते अरण्य त्यांना परक्याचे वाटणार, आणि परक्याच्या वस्तूची राखण कोणी मनापासून करीत नाही. शेतकऱ्याचा माळा आणि राजकन्येचे दालन ही एकाच इतिहासाची दोन टोके आहेत. त्यांतील एकच दाखविले तर पाहुण्याची करमणूक होईल, पण त्याला तो देश कळणार नाही. विश्रांतीच्या आड सत्य येते, हेही मला पटत नाही. आपल्याकडे रायगडावर जाणारा मनुष्य हिरकणीच्या बुरुजापाशी थांबतोच; सिंहासनाच्या चौथऱ्याबरोबर गवळणीची कथा ऐकल्याने त्याच्या आनंदात उणेपणा येत नाही.

शिवाय पुसलेली नावे कायमची पुसली जात नाहीत. फाशीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००७ रोजी, नैरोबीच्या भर रस्त्यात किमाथीचा पुतळा उभा राहिला. ६ जून २०१३ रोजी ब्रिटिश सरकारने आणीबाणीतील छळाबद्दल पार्लमेंटात खेद व्यक्त केला आणि ५,२२८ वृद्ध स्त्रीपुरुषांस मिळून सुमारे २ कोटी पौंड भरपाई देण्याचे मान्य केले. ज्या सरकारने हे नाकारण्यात अर्धशतक घालविले, त्याला ते मान्य करावे लागले. तेव्हा एखाद्या खोलीच्या भिंतीवर दोन छायाचित्रे अधिक लावणे ही फार मोठी मागणी आहे असे कोणी म्हणू नये. राणीचे दालन राहू द्यावे. त्याच्या शेजारी एक मुगुमोचे दालन असावे. त्यात त्या वृक्षाची पूजा, वाढीव मजुरी मागणारे ते सुतार आणि मजूर, पोकळीत ठेवलेले निरोप, आणि १९५४ ची ती आग ह्या सर्वांस जागा मिळावी.

झाडाखाली मीठ टाकून जनावरांस बोलाविण्याची रीत वर सांगितली आहे. मिठासाठी रात्री हत्ती येतात, गेंडे येतात. आणि त्यांना पाहण्यासाठी वर पाहुणे जागत बसतात. आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागणे हा शब्दप्रयोग कृतज्ञतेसाठी आहे. अरण्यातील पाहुणाही त्या भूमीचे मीठ खातो. तो रात्रभर जागतो खरा. सकाळी सामान बांधताना, दारावरचे नाव वाचून झाल्यावर, हे मीठ कोणाचे होते एवढे त्याने एकदा विचारले, तर ते जागणे सार्थकी लागेल.